साहेबांनी उघडलेला नळ

कुत्र्याचं नाव साहेब ठेवण्यामागे फिटरकाकांचा हेतू अगदी सरळ होता. बत्तीस वर्षं बिअरच्या कारखान्यात पाइप जोडताना "हो साहेब, आलो साहेब" म्हणून म्हणून त्यांच्या जिभेला घट्टे पडले होते. आता म्हातारपणी तरी दारात उभं राहून "साहेब, खाली बस! साहेब, चप्पल सोड! साहेब, तिथे मुतू नकोस!" असं खणखणीत ओरडता यावं, एवढीच इच्छा. गल्लीला पहिले दोन दिवस कळेना, हा माणूस सकाळी सकाळी कुणावर एवढा तापतोय. कळलं तेव्हा समोरच्या लाँड्रीवाल्याने इस्त्री खाली ठेवून टाळी दिली. तोही एके काळी त्याच कारखान्यात बाटल्या धुवायचा.

साहेब तीन महिन्यांपूर्वी आला. काकांची लेक पोस्टात खिडकीवर बसते. घरी एकटे बाबा दिवसभर भिंतींशी भांडतात, तर भांडायला निदान जिवंत काहीतरी असावं, म्हणून तिने तो आणला. पिवळट रंग, एक कान उभा, एक पडलेला, आणि काका दोन पावलं सरकले की ह्याचीही दोन पावलं. काका खुर्चीत बसले की हा डोकं त्यांच्या तळहातात खुपसणार आणि डोळे मिटून उभा राहणार. "कामचुकार आहे," काका म्हणायचे, पण हात काही काढून घ्यायचे नाहीत.

त्या सोमवारी काका कोपऱ्यावरच्या बेकरीत पाव आणायला गेले होते. जाऊन येऊन वीस मिनिटं. परत आले तर दारातच वास आला. ओळखीचा. कारखान्यात पाळी बदलताना फाटकातून आत शिरलं की जो वास अंगावर यायचा तोच. ओल्या जवाचा, जरा आंबूस, जरा गोड. क्षणभर त्यांना बरंच वाटलं. मग डोक्यात प्रकाश पडला आणि पाव तिथेच टाकून ते मागच्या खोलीकडे धावले.

मागच्या खोलीत स्टुलावर स्टीलचं वीस लिटरचं पिंप होतं, पिंपाला पितळी नळ होता, आणि नळ सुटलेला होता. फरशीवर फेसाचं तळं. तळ्याच्या काठाला साहेब बसलेला, शेपटी हलवत, जणू काही काकांसाठीच हे सगळं मांडून ठेवलंय.

"हरामखोरा! चोर! दारुड्या!"

काकांनी नळ बंद केला आणि पिंपाच्या अंगावर बोटांनी वरपासून खालपर्यंत वाजवत गेले. आवाज कुठे बदलतो ते ऐकलं. अर्ध्याहून जास्त पिंप रिकामं झालं होतं. ते भिंतीला टेकून तसेच ओल्यात बसले.

बिअर सांडली म्हणून कुणी असं बसत नाही. बसण्याचं कारण वेगळं होतं.

येत्या रविवारी चवताई गाव सोडून चालली होती. तिचं खरं नाव कारखान्यात कुणी घेतलंच नाही. सकाळी दहा वाजता ती हातात पेला घेऊन टाकीघरात शिरायची आणि प्रत्येक टाकीचा एक घोट तोंडात फिरवून सांगायची: "ही तयार. ही दोन दिवस कच्ची. ही कुणी बघितली? नळी धुतली नाही नीट." मोठमोठ्या पदव्यांचे लोक यंत्रं लावून बसलेले असायचे, आणि दुपारी यंत्र तेच सांगायचं जे बाईने सकाळी सांगितलेलं. पगार मात्र यंत्र पुसणाऱ्याएवढा. अशी माणसं कारखान्याने तीस-तीस वर्षं वापरली आणि एका सोमवारी फाटकावर कागद चिकटवून मोकळा झाला. त्याला सोळा वर्षं झाली. आज त्या जागेवर मोटारी उभ्या राहतात.

कारखाना बंद झाला त्या दिवशी फिटरकाकांनी दोन गोष्टी बाहेर काढल्या. एक, जेवणाच्या डब्यातून थोडं यीस्ट. ते त्यांनी मुरंब्याच्या बरणीत सोळा वर्षं जगवलं. दर काही आठवड्यांनी त्याला खाऊ घालायचं, फ्रिजमध्ये त्याच्या मागे कुणी भाजीची पिशवी ढकलली तर घर डोक्यावर घ्यायचं. बायको होती तोवर म्हणायची, "माझ्या आजारपणात एवढं उठला नाहीत." दुसरी गोष्ट, टाकीघरातला एक पितळी नळ, काळ्या लाकडी मुठीसकट. हातांनी झिजून झिजून ती मूठ गुळगुळीत गोट्यासारखी झालेली.

महिन्यापूर्वी चवताईने सांगितलं, मुलगा न्यायला येतोय, आता जिने चढवत नाहीत, एकटं राहवत नाही. काका म्हणाले, "जायच्या आधी एक पेला आपल्या कारखान्याची प्यायची. शब्द." ती म्हणाली, "बरी झाली तर सांगेन. वाईट झाली तर जास्त सांगेन." त्या शब्दावर हे पिंप लागलं होतं. नळ त्याला चारच दिवसांपूर्वी जोडला होता. शनिवारी दुपारी ताई यायची होती. पुन्हा नवीन पिंप लावायचं तर महिना हवा.

साहेबांना आधी डॉक्टरिणीकडे नेलं. जनावरांची डॉक्टरीण तरुण आणि फटकळ होती. तिने साहेबांचं तोंड उघडलं, वास घेतला, डोळ्यांत बॅटरी मारली.

"हा प्यायलेला नाही."

"मग कोण प्यायलं, मी?"

"ते मला काय माहीत? तोंड कोरडं आहे ह्याचं. पण काका, एक थेंबही पोटात जाऊ देऊ नका. कुत्र्यांना बिअर म्हणजे विष आहे. ती कडू फुलं घालता ना तुम्ही, ती तर त्याहून वाईट."

काकांनी फक्त दुसरा अर्धा ऐकला. पहिला अर्धा त्यांना पटलाच नाही. नळ उघडा, जमीन ओली, समोर एकटाच हा. चोर कोण ते दिसतंच आहे की.

संध्याकाळी लेक घरी आली. सगळं ऐकून तिने चहाचा कप खाली ठेवला आणि एका वाक्यात प्रश्न सोडवला.

"मूठ काढून ठेवा ना, बाबा. एक नट तर आहे. नुसत्या दांड्याला कुत्रा काय करणार?"

"मूठ निघणार नाही."

"गंजलीय?"

"गंजायला काय झालंय? माझा नळ आहे. निघणार नाही म्हणजे मी काढणार नाही."

"मग पिंप माळ्यावर ठेवा."

"हललं तर गाळ वर येतो."

"बाटल्यांत भरा."

"कच्ची आहे. बाटल्या फुटतील, छतापर्यंत काचा जातील."

"मग खोलीचं दार लावा."

"ते दार फुगलंय, लागत नाही." हे मात्र अगदी खरं होतं, आणि आयुष्यभर पाइप जोडणाऱ्या माणसाच्या घरातलं दार लागत नाही ह्याबद्दल लेकीने काही बोलू नये म्हणून काका लगेच उठून आत गेले.

मुठीची गोष्ट लेकीने लहानपणी ऐकली होती, पण पोरांना अशा गोष्टी म्हणजे बाबांची टेप वाटते. गोष्ट अशी. कारखान्यात एक नवा मॅनेजर आला. कामगार नळ उघडून पितात असा त्याला संशय. पुरावा काही नाही. गरीब माणूस दिवसभर बिअरजवळ उभा राहतो म्हणजे पीतच असणार, हाच पुरावा. त्याने एका सुट्टीच्या दिवशी टाकीघरातल्या झाडून सगळ्या नळांच्या मुठी काढायला लावल्या आणि आपल्या खोलीतल्या कपाटात कुलूपबंद केल्या. लागेल तेव्हा मुकादमाने चिठ्ठी घेऊन यायचं, मूठ न्यायची, परत आणून द्यायची. धुण्याच्या नळांच्यासुद्धा.

तिसऱ्या आठवड्यात टाक्या धुवायच्या कॉस्टिकच्या उकळत्या पाण्याची नळी सटकली. समोर पेला घेऊन चवताई. नळ बंद करायला सहा माणसं धावली आणि सहाही जण बोडक्या दांड्याला हात लावून उभे. एकाने दाताने धरायचा प्रयत्न केला. फिटरकाका पाना घेऊन दुसऱ्या टोकाकडून आले तोवर ताईचा उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजला होता.

त्या दुपारी काकांनी मॅनेजरच्या खोलीत जाऊन कपाट पहारीने उघडलं. मॅनेजर म्हणाला, "ही चोरी आहे." काका म्हणाले, "साहेब, आहेच," आणि टोपलीभर मुठी घेऊन गेले. एकेक नळाला एकेक मूठ बसवत संध्याकाळ झाली. त्यांना कामावरून काढलं, सगळं टाकीघर बाहेर आलं, नऊ दिवस फाटक बंद राहिलं. भाजलेला हात गळ्यात बांधून चवताई पहिल्या दिवसापासून फाटकावर बसून होती. दहाव्या दिवशी काकांना परत घेतलं आणि लेखी नियम आला: नळाची मूठ नळावरच राहील. जगात कुठेकुठे लोकांनी मोठाल्या लढाया जिंकल्या असतील. फिटरकाकांनी ही जिंकली होती.

आणि आता म्हणे मूठ काढा. का? तर कुत्रा पितो.

मंगळवारी त्यांनी मूठ सुतळीने बांधली. भाजी घेऊन आले तर सुतळी सैल, फरशी ओली. बुधवारी समोर खुर्ची आडवी घातली. खुर्ची शिस्तीत बाजूला सरकवलेली. डॉक्टरिणीने सांगितलेली कडू पावडर मुठीला फासली. साहेबांनी ती आवडीने चाटून घेतली. मग फळ्या ठोकून नळावर बसेल असं खोकं केलं. चांगलं मजबूत झालं होतं, फक्त वजन नव्हतं. ते नाकाने पाडून, दातांत धरून साहेबांनी काकांच्या पलंगाजवळ आणून ठेवलं.

"ह्याला कारखान्यात घ्यायला हवं होतं," लाँड्रीवाला म्हणाला. "किती राहिलीय?"

"पाच लिटर. असली तर."

"पाचात तर निम्मा गाळ."

"तू इस्त्री कर."

गुरुवारी आणि शुक्रवारी काका घराबाहेर पडलेच नाहीत. स्टूल घेऊन पिंपासमोर बसून राहिले. लेकीने जाता जाता विचारलं, "सुरक्षा खात्यात घेतलं वाटतं तुम्हाला?" काका हसले नाहीत. गंमत अशी, की ते समोर बसले असले की साहेब नळाकडे ढुंकूनही बघायचा नाही. त्यांच्या पायावर हनुवटी ठेवून घोरायचा. "बघ कसा साळसूद," काका पुटपुटायचे. "माणूस समोर असला की लाळघोटेपणा आणि पाठ फिरली की धंदे." तेच वाक्य एके काळी मॅनेजर त्यांच्याबद्दल बोलायचा. ते ध्यानात आल्यावर ते उगाच नळ पुसायला लागले.

शनिवार उजाडला. लेकीला पोस्टात जावंच लागणार होतं. चवताईचा मुलगा सामान बांधण्यात गुंतलेला, म्हणून तिला आणायला काकांनाच जायचं होतं. चढ आणि जिने, येऊन जाऊन पाऊण तास. साहेबांना बरोबर न्यायचं तर एका हाताला ताई आणि दुसऱ्या हाताला दोरी तोडणारा कुत्रा. उतारावर कोण कुणाला पाडेल सांगता येत नाही.

काका पिंपासमोर उभे राहिले. पाना हातात. मग त्यांनी नट फिरवला. चारच आटे. मूठ उचलली, कोटाच्या खिशात टाकली, आणि आरशात न बघता बाहेर पडले.

चवताई तयार होऊन बसली होती. घरातली खोकी बांधून झालेली, भिंतींवर फोटोंच्या जागी फिकट चौकोन. "चल," ती म्हणाली, "इथे बसायला काही उरलं नाही."

जिने उतरताना तिने काकांचा दंड धरला. दर पायरीला ती त्यांच्या अंगावर रेलायची आणि दर पायरीला कोटाचा खिसा तिच्या मनगटावर आपटायचा. शेवटच्या पायरीवर ती थांबली. वरूनच खिसा चाचपला. ज्या बाईने सव्वीस वर्षं रोज ती मूठ ढकलली तिला कापडावरून कळायला कितीसा वेळ लागणार?

"हे काय आहे?"

"काही नाही."

"मूठ आहे. नळ कुठे आहे?"

"घरी."

"नळ घरी आणि मूठ तुझ्या खिशात." तिने दंड सोडला. "तू मूठ काढलीस?"

"कुत्र्यासाठी काढली, ताई."

"त्यांनीही कुत्र्यांसाठीच काढली होती."

रस्त्यात माणसं जात होती. एका बाईने भाजीची पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली आणि दोघांना वळसा घालून गेली. काका म्हणाले, "पाच लिटर राहिली होती. तू उद्या जाणार. मला दुसरं काही सुचलं नाही."

चवताईने त्यांच्याकडे पाहिलं. मग दंड पुन्हा धरला. "चल लवकर. बसव ती. आणि तोंड असं करू नकोस, लोकांना वाटेल मी मारलं."

घरात जमीन कोरडी होती. साहेब नळाच्या बोडक्या दांड्यासमोर बसलेला, कान दोन्ही पडलेले. काकांनी मूठ बसवली, नट आवळला. ताई पिंपाजवळच्या स्टुलावर बसली आणि बाही वर सारून हात मांडीवर ठेवला. भाजल्याची कातडी अजून चकाकते.

"पेला?"

"आणतो. चांगला आतल्या कपाटात आहे."

कपाटात चांगला पेला सापडेना. लेकीने कुठे ठेवला देव जाणे. भांडी वाजत असतानाच मागच्या खोलीतून हाक आली, अगदी हळू:

"इकडे ये. पाय वाजवू नकोस."

काका दारापर्यंत आले. साहेबांनी कपाळ मुठीवर टेकवलं होतं. डोळे मिटलेले. खुर्चीत बसलेल्या काकांच्या तळहातात डोकं खुपसतो तसंच, अगदी तसंच, आणि त्या भाराने मूठ मागे गेली होती, आणि बारीक धारेने बिअर वाहत होती. जमिनीवर नव्हे, चवताईने स्टुलाखालचं डबडं पुढे करून धरलं होतं.

"हा पीत नाही रे," ती म्हणाली. "तुझा हात शोधतोय. आठवडाभर ह्या मुठीला तुझाच वास आहे. तू घरात नसलास की काय करेल बिचारा?"

काका चौकटीला धरून उभे राहिले. तोंड कोरडं आहे ह्याचं, असं ती डॉक्टरीण पोरगी सोमवारीच म्हणाली होती. चोर, दारुड्या, हरामखोर. पुरावा काय, तर हा तिथे होता. त्यांनी "साहेब" म्हणून हाक मारली, पण ती हाक ओरडण्यासारखी निघालीच नाही. कुत्र्याने डोळे उघडले, मूठ सोडली आणि येऊन कपाळ त्यांच्या हातात दिलं. ताईने मूठ ओढून धार बंद केली.

"त्या डब्यात मी खिळे ठेवायचो, ताई."

"चवीवरून कळेलच." तिने डबडं ओठाला लावलं. घोट तोंडात फिरवला. गाल एकदा इकडे, एकदा तिकडे. काका टाकीघरात उभे राहायचे तसे उभे राहिले, हात मागे बांधून.

"कशी आहे?"

"गप्प बस. अजून तोंडात आहे."

मग तिने गिळली. कारखान्यात ती कधी गिळत नसे, चूळ टाकायची. "आपलीच आहे," ती म्हणाली. "यीस्ट जरा म्हातारं झालंय, पण आपलंच. चार दिवस कच्ची आहे."

"मग चार दिवस थांब."

तिने डबडं पुढे केलं, काकांनी भरून दिलं. दोघं फाटकावरच्या नऊ दिवसांबद्दल बोलत राहिले: कोण भाषण देता देता झोपला, कुणाच्या सासूने रोज किटलीभर चहा पाठवला, मॅनेजर मागच्या दाराने जाताना कसा गटारात पडला. साहेब मध्ये झोपला होता. संध्याकाळी मुलगा न्यायला आला तेव्हा ताई उठता उठता कुत्र्याला म्हणाली, "येते, साहेब," आणि एवढी हसली की तिला पुन्हा बसावं लागलं.

रविवारी ती गेली. सोमवारी काका पाव आणायला निघाले तेव्हा त्यांनी अंगातला सदरा काढून पिंपापासून दूर, खालीच अंथरला आणि दुसरा घातला. परत आले तर साहेब सदऱ्यावर नाक खुपसून पडलेला, नळ बंद, मूठ नळावर. एवढंच करायचं होतं. लेकीने तो मळका सदरा धुवायला उचलला तर काकांनी घर डोक्यावर घेतलं.

बुधवारी दुपारी फोन वाजला.

"मग? चौथा दिवस ना आज?"

"हो. बघतोच आहे आता."

"अजून काढली नाहीस?"

"तुझ्या फोनची वाट बघत होतो."

"खोटं बोलू नकोस. विसरला होतास." पलीकडे भांड्यांचा, परक्या घराचा आवाज येत होता. कुणीतरी तिला जेवायला बोलवत होतं. "थांबा जरा, कामात आहे," असं ती त्यांना म्हणाली आणि पुन्हा फोनवर आली. "हे बघ, फोन नळाजवळ धर. मला धार ऐकू दे. तयार झाली असेल तर आवाज जाड येतो."

काका गुडघ्यावर बसले. पेला नीट धरला, फोन त्याच्याजवळ नेला आणि मूठ ढकलली.

"जवळ धर," फोनमधून आवाज आला. "अजून जवळ."